सबनीस मॅडम आणि मेक्सिकोवाले बाबा

सबनीस मॅडमच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग असायचं. लांबून पाहणाऱ्याला ते मंगळसूत्र वाटे. मॅडमचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, हे कळल्यावर गल्लीत नव्यानं आलेल्या एका सूनबाईंनी त्यांना हळूच विचारलं होतं, की तुम्ही अजून काढलं नाही का. मॅडम म्हणाल्या, "हे नवऱ्याच्या आधीपासूनचं आहे. त्यानं कधी हरकत घेतली नाही."

भिंग दिवसभर कामात असे. पालकाच्या पानामागची किड्यांची अंडी बघायला, औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचायला, आणि एकदा तर खालच्या शेववाल्या रतनलालजींच्या डोळ्यात गेलेला बेसनाचा कण शोधायला. मुलींच्या सरकारी शाळेत त्यांनी जन्मभर बायॉलॉजी शिकवली होती. रिटायर झाल्या, पण शाळा सुटली असं त्यांना कुणी सांगितलं नसावं. जुनी इंदूर या भागातली आमची अख्खी गल्ली त्यांच्या वर्गात बसलेली असे.

त्यांचा एकच प्रश्न होता. "पाहिलंस की ऐकलंस?" तुम्ही काहीही सांगा, अमक्याच्या घरी भांडण झालं, तमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, यंदा लसूण महागणार, मॅडम हातातलं काम न थांबवता हे विचारणार. ऐकलं असेल तर त्या "बरं" म्हणत आणि विषय तिथेच संपे. पाहिलं असेल तर मात्र खुर्ची मिळे, चहा मिळे, आणि कधी, कुठून, किती वेळ पाहिलं याची उलटतपासणी होई. हळूहळू हा प्रश्न गल्लीला लागला. उद्या नळ येणार नाही, असं दूधवाला म्हणाला तर लोक त्यालाच विचारत, "देखा कि सुना?"

दुसरी एक खोड होती. उपमा चालत नसत. झाडापासून माणसानं काय शिकावं, असं कुणी बोलू लागलं की त्यांचा चेहरा दुखऱ्या दाताला थंड पाणी लागल्यासारखा होई. (ही उपमा त्यांनी पाहिली असती तर खोडली असती.) "झाड काही शिकवत नाही," त्या म्हणत. "ते आपलं अन्न तयार करतं. शिकवायला मी होते, मला त्याचा पगार मिळायचा."

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आमचं घर महूचं. आजोबा फौजेत होते, वडील कारकून. घरात दूध कधी कमी पडलं असेल, चळवळीची पत्रकं कमी पडली नाहीत. मी अक्षरं ओळखायला शिकले ती निषेध, आवाहन आणि जाहीर सभा या शब्दांवरून. पुढे इंदूरला छापखान्यात टायपिंगचं काम मिळालं, मॅडमच्या समोरच्या घरात खोली मिळाली, आणि पहिल्या दोन महिन्यांत मी माझं स्वतःचं पत्रक काढलं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, होळकरांच्या समाध्यांपाशी, एक बाई निळं प्लास्टिक अंथरून संजीवनी विकायला बसायची. सुकून गोळा झालेली वनस्पती. पाण्याच्या टबात टाकली की उघडायची. मधुमेह, मूळव्याध, मरणारा माणूस, सगळ्यांवर इलाज. मी लिहिलं की हा लुटीचा धंदा आहे आणि ही बाई विकते ती निव्वळ "मरी हुई घास" आहे. पाचशे प्रती छापल्या आणि घरोघर वाटायला निघाले.

मॅडमनी जिन्यातच उभं राहून पत्रक वाचलं, भिंग लावून. मग विचारलं, "मरी हुई घास. हे पाहिलंस की ऐकलंस?"

मी म्हटलं, सगळ्यांना माहीत आहे.

"म्हणजे ऐकलंस. चल."

त्यांनी मला त्याच बाईकडे नेलं, दोन गोळे घेतले, आणि घरी आल्यावर त्यातला एक कुकरमध्ये घालून तीन शिट्ट्या दिल्या. तो चार दिवस गच्चीवर वाळवला. मग दोन्ही गोळे दोन ताटल्यांत, पाण्यात. दुपारच्या चहापर्यंत दोन्ही उघडले, अगदी सारखे. मला वाटलं मी जिंकले. बघा, मेलेलं पण उघडतं. मॅडमनी फक्त तारीख आणि वेळ वहीत लिहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. कुकरमधला गोळा तपकिरीच होता. दुसरा हिरवागार झाला होता.

"उघडणं ही नुसती पाण्याची करामत आहे," त्या म्हणाल्या. "वाळलेला दोरा पण पाण्यात टाकला की हलतो. जिवंत आहे की नाही ते हिरव्यावरून. तुझा राग बरोबर आहे. वाक्य चूक आहे. आणि लोक राग सोडून वाक्य धरतील."

मग पाचशेच्या पाचशे पत्रकांवर, एका रविवारी, त्यांच्या गॅलरीत बसून मी पेनानं दुरुस्ती केली. "मरी हुई घास" खोडायचं, वर लिहायचं, "ज़िंदा पौधा, पर दवा नहीं।" मॅडम पण पेन घेऊन शेजारी बसल्या. रतनलालजींनी खालून पोह्यांवर घालायला शेव पाठवली, मग स्वतःच वर आले, आणि बऱ्याच पत्रकांवर त्यांच्या बोटांचे तेलकट ठसे उमटले. पहिली दुरुस्त प्रत त्या संजीवनीवाल्या बाईला द्यायची, असा मॅडमचा हुकूम होता. तिला वाचता येत नव्हतं. मॅडमनी वाचून दाखवली. ती म्हणाली, "जिंदा है, ये तो मैं भी बोलती हूँ मैडमजी। झगड़ा किस बात का?" मॅडम तिच्याजवळ बराच वेळ उकिडव्या बसल्या आणि झगडा दवाई या शब्दाचा आहे, हे समजावत राहिल्या. गुडघे तेव्हाच कुरकुरत होते त्यांचे.

मूळव्याधीवरचा इलाज त्या बाईनं बंद केला. मधुमेहावरचा चालू ठेवला.

मेक्सिकोवाले बाबा आले ते त्यानंतरच्या हिवाळ्यात. मॅडमची एक जुनी विद्यार्थिनी परदेशात असते. तिनं तिकडच्या वाळवंटातली, मेक्सिकोकडची, याच कुळातली वनस्पती आणून दिली. मुठीएवढा, राखाडी तपकिरी, कागदासारखा हलका गोळा. पाण्यात ठेवला की ताटलीभर पसरायचा, पानाफुलांच्या रांगोळीसारखा गोल. मॅडम त्याला नुसतं "तो" म्हणत. नाव ठेवलं रतनलालजींनी. पहिल्यांदा तो उघडताना बघायला गल्लीतले लोक आले होते. रतनलालजी सगळ्यात पुढे, हात जोडून. म्हणाले, "बिना खाए-पिए बरसों बैठे रहते हैं और पानी देखते ही आँख खोल देते हैं। ये पौधा नहीं है मैडमजी, कोई बाबा हैं।"

मॅडमनी त्यांना भिंग दिलं आणि बाबांची पानं मोजायला बसवलं.

त्याच दिवशी शेजारच्या जोशीकाकू डोळे पुसत म्हणाल्या, मॅडम, अगदी तुमच्यासारखंच आहे हो हे, एवढं सगळं सोसून पुन्हा हिरवं. मॅडम म्हणाल्या, "मी रोज दोन वेळा जेवते काकू. तो जेवत नाही."

त्या झाडाची निगा म्हणजे इंदूरच्या नळाचं वेळापत्रक होतं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवस आड येतं. नळाच्या दिवशी मॅडम एक परात भरून रात्रभर उघडी ठेवत, पाण्याला औषधाचा वास असतो तो उडावा म्हणून. उथळ ताटलीत महेश्वरच्या घाटावरून आणलेले गोटे. पाणी एवढंच, की गोट्यांवर ठेवलेल्या बाबांचं बूड तेवढं भिजेल. पाणी रोज बदलायचं. ऊन थेट नको. खत नाही. पाचसहा दिवस झाले की ताटलीतून बाहेर काढायचं आणि पुन्हा सुकू द्यायचं, महिना, दोन महिने, चार महिने. लोकांना ओलं करणं आवडायचं. मॅडमचं लक्ष सुकवण्याकडे असे. "पाणी कुणी पण घालतं," त्या म्हणत. "न घालता गप बसणं जमत नाही कुणाला."

मग गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलानं त्यांना बंगळूरला नेलं. तीन महिने. बाबांना कुठे ठेवायचं, हा प्रश्न आला. मला छापखान्याच्या ऑर्डरी पोचवायला सारखं बाहेरगावी जावं लागे. रतनलालजी सकाळी सहापासून दुकानात असत, दुकान कोरडं, हवेशीर. मॅडमनी सुकलेला गोळा त्यांच्या हातात दिला आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहून दिलं: "इसे कुछ मत करना।" एवढंच. रतनलालजींनी तो कागद गल्ल्याच्या मागे चिकटवला.

माळव्यातल्या माणसाला यापेक्षा अवघड सूचना देता येणार नाही. रतनलालजींच्या दुकानावरून कुणी पाणी न पिता गेलं नव्हतं. पत्ता विचारायला थांबलेल्या माणसालाही ते आधी पाणी देत, मग मूठभर शेव चाखवत, मग पत्ता सांगत. आणि इथे मॅडमजींचा पाहुणा, डोळ्यांसमोर, तहानलेला. आठवडाभर त्यांनी सहन केलं. मग त्यांनी बाबांना पाणी दिलं. उथळ ताटलीत नाही, चांगल्या पितळी वाडग्यात, काठोकाठ. रोज. वर उदबत्ती.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. मॅडम परतल्या तेव्हा आम्हाला दिसलं ते इतकंच, की रतनलालजी जिन्यात त्यांना हात देत वर घेऊन आले, एक सुकलेला गोळा टेबलावर ठेवला आणि बिलकुल न थांबता खाली गेले. शेवसुद्धा न देता. मॅडमनी गोळा उचलला. भिंगसुद्धा लावलं नाही.

"मेक्सिकोचा गेला होता," त्या म्हणाल्या, "कृष्णपुऱ्याचा परत आला."

आपल्याकडच्या डोंगरातल्या संजीवनीचे फाटे लांब, बोटांसारखे आत वळलेले असतात. मॅडमचा तो गोल, बसका. फरक मलाही दिसला. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, ही सरळ फसवणूक आहे, एक तर झाड मारलं आणि वर नकली आणून ठेवलं. आत्ता खाली जाऊन चार लोकांसमोर विचारते. मी चप्पल घातली पण होती.

"फसवणूक आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तो माझा शेजारी आहे. तुझा विषय नाही. चप्पल काढ."

पुढच्या दोन दिवसांत रतनलालजी वर आले नाहीत, खालून हाक आली नाही, पोह्यांवरची शेव आली नाही. मॅडमनी माझ्याकडून दुसरीकडची शेव मागवली, एक घास खाल्ला आणि बशी बाजूला सारली. तेव्हा मला कळलं की झाडापेक्षा मोठं काहीतरी त्यांच्या हातून चाललं आहे. नवरा गेल्यावर, मुलगा लांब गेल्यावर, रोज सकाळी त्यांना पहिली हाक मारणारा माणूस म्हणजे रतनलालजी होते.

तिसऱ्या दिवशी त्या काठी घेऊन, एक एक पायरी बसत उठत खाली उतरल्या. बगलेत निरीक्षणाची वही. दुकानात गिऱ्हाईक नाही असं पाहून त्या स्टुलावर बसल्या. मी मागे उभी होते. रतनलालजी वजनाच्या काट्याकडे बघत होते.

"रतनलालजी, डाँटने नहीं आई," मॅडम म्हणाल्या. "मेरी डायरी में तीन महीने की जगह खाली पड़ी है। पहले वाले को क्या हुआ, बस इतना लिखवा दीजिए।"

रतनलालजींनी सांगितलं. उभं राहून, शाळेतल्या मुलासारखं. किती दिवस पाणी दिलं, कधी काळा पडला, कधी वास आला, मग कसे ते कृष्णपुऱ्याला गेले आणि त्या बाईनं, जिच्यावरचं पत्रक आम्ही दुरुस्त केलं होतं तिनंच, वैसा ही है, असं शपथेवर सांगितलं. मॅडम लिहीत होत्या, मधूनच विचारत होत्या, वाडगा कितना गहरा था? शेवटी रतनलालजींनी हात जोडले. "मैडमजी, मैंने मार दिया। प्यासा नहीं देखा गया मुझसे।"

"फेंका कहाँ?" मॅडमनी विचारलं.

"फेंकूँगा कैसे? बाबा हैं।"

देवाची तसबीर फुटली, जुनी पोथी फाटली, तर आमच्याकडे कुणी ती कचऱ्यात टाकत नाही. बांधून ठेवतात आणि सवडीनं नर्मदेत सोडतात. रतनलालजींनी बाबांना लाल फडक्यात गुंडाळून दुकानाच्या मागच्या बाजूला, शेवेच्या भट्टीवरच्या खुंटीला टांगलं होतं. अमावस्येला ओंकारेश्वरला जाऊन विसर्जन करायचं. पण अमावस्या आली की दुकानात गर्दी, मग पुढची अमावस्या. दोन महिन्यांहून जास्त बाबा त्या कोरड्या गरम हवेत लटकत होते.

मॅडमनी वही मिटली. "उतारिए," त्या म्हणाल्या.

फडकं सोडलं तेव्हा आत घट्ट मिटलेला गोळा निघाला, कडा काळ्या, बुडाला बुरशीचा वाळलेला पांढरा थर. मॅडमनी तो वास घेऊन पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी हसू म्हणेन. आपल्या श्रद्धेनं रतनलालजींनी झाड बुडवलं होतं, आणि त्याच श्रद्धेनं, न कळत, मॅडमनी सांगितलं होतं तेच केलं होतं. सुकवलं होतं. काही न करता ठेवलं होतं. मला हे फार आवडलं नाही, कबूल करते. अंधश्रद्धेवरच्या माझ्या कुठल्याच पत्रकात ही गोष्ट बसत नाही. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "मग पत्रक मोठं कर."

सडलेला भाग कात्रीनं काढला, आठ दिवस पुन्हा सुकवलं, आणि एका नळाच्या दिवसानंतर सकाळी बाबा ताटलीत बसले. गल्ली जमली होती. दुपारी गोळा उलगडायला लागला तेव्हा जोशीकाकूंनी टाळ्या वाजवल्या, कुणी जयजयकार पण केला. रतनलालजींचे डोळे भरले. मॅडमनी हात वर केला, वर्ग गप्प करायचा तसा. "थांबा. एवढं तर माझ्या कुकरमधलं पण करत होतं."

लोक हिरमुसून घरी गेले. रतनलालजी मात्र दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी वर आले. तपकिरी. तिसऱ्या दिवशी आले. तपकिरी. मॅडम पाणी बदलत, वहीत लिहीत, आणि कुठलीही आशा देत नसत. रतनलालजी विचारत, "हो जाएगा ना मैडमजी?" आणि त्या म्हणत, "नहीं मालूम।" मला तेव्हा वाटे की खोटं का होईना, एक शब्द द्यावा त्यांना. आता वाटतं, त्यांना खरं बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी रोज पाच मिनिटं उभं राहायचं होतं, म्हणून ते येत होते.

चौथ्या दिवशी मॅडमनी गळ्यातलं भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. रतनलालजी वाकले, नाक जवळजवळ पाण्यात. बराच वेळ. मधोमध, गर्दीच्या पोटात, तीन फाट्यांची टोकं हिरवी झाली होती. तिळाएवढी.

ते सरळ झाले आणि हळू म्हणाले, "मैडमजी, देखा। सुना नहीं।"

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. चहा टाकायला मला सांगितलं. आणि मग उलटतपासणी सुरू झाली, कौन सा फाटा, कितना हरा.

बाबा पहिल्याएवढे कधी झाले नाहीत. अर्धा गोल तपकिरीच राहिला. अर्धा हिरवा होई.

वर्षभरानं दुसरा गुडघाही गेला आणि जिना अशक्य झाला. मॅडम कायमच्या बंगळूरला जायला निघाल्या. सामान वाटून झालं. कुंड्या जोशीकाकूंना, पुस्तकं शाळेला. बाबांचं काही बोलल्या नव्हत्या, पण मला खात्री होती. झाड बदलण्याचं पाप मी केलं नव्हतं, पाण्याचं वेळापत्रक मला पाठ होतं, तत्त्वाचा प्रश्न होता. शेवटच्या सकाळी मॅडमनी बाबा, ताटली आणि महेश्वरचे गोटे उचलायला लावले आणि खाली रतनलालजींच्या दुकानात पाठवले.

माझा चेहरा त्यांनी पाहिला असावा. म्हणाल्या, "ज्यानं एकदा बुडवून वाचवलं, तो माणूस पुन्हा बुडवत नाही. तू अजून एकदा पण बुडवलेलं नाहीस. तुझ्यावर माझा भरवसा नाही."

मी म्हटलं, मग मला काय?

त्यांनी माझ्या हातात निरीक्षणाची वही दिली. "तू वाक्यांना फार पाणी घालतेस," त्या म्हणाल्या. मग लगेच चिडून, "ही उपमा झाली. कुठे लिहू नकोस."

टॅक्सी दुकानासमोर थांबवली होती. गल्लीतले सगळे खिडकीला लागले होते. मॅडमनी काच खाली केली, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि भिंग डोळ्याला लावून उगाच दुकानाकडे पाहिलं. एवढ्या लांबून त्या भिंगातून काही दिसत नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. गल्ल्यामागे तो कागद अजून चिकटलेला होता. त्याच्या खाली, कोरड्या ताटलीत, मिटलेले बाबा.

"रतनलालजी," त्यांनी विचारलं, "आज क्या दिया?"

आयुष्यात कुणाला रिकाम्या हातानं न पाठवणारा तो माणूस दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं छाती पुढे काढली.

"कुछ नहीं दिया, मैडमजी।"

मॅडमनी मान हलवली, पूर्ण मार्क दिल्यासारखी. टॅक्सी निघाली. त्यांच्या मांडीवर शेवेची दोन किलोची पिशवी होती आणि ती दोन्ही हातांनी धरायची म्हणून त्यांना आमच्याकडे बघून हात हलवता आला नाही.